नदी उतरेपर्यंत

जून लागला की पुण्याहून, मुंबईहून, नागपूरहून फोन यायला लागतात. कुणाला आश्रमशाळेत महिनाभर मुलांना शिकवायचं असतं, कुणाला आरोग्य शिबिरात हातभार लावायचा असतो, कुणाला हेमलकसा पाहून पुढे बिनागुंड्याचा धबधबा गाठायचा असतो. पावसाळ्यात दक्षिण गडचिरोलीचं जंगल बघण्यासारखं असतं असं त्यांनी ऐकलेलं असतं, आणि ते खोटं नाही. आलापल्ली सुटली की भामरागडपर्यंतची 60-65 किलोमीटरची वाट साग, ऐन, मोह आणि बांबूतून जाते. पहिल्या दोन पावसांत या जंगलाचा रंग असा पालटतो की महिन्याभरापूर्वी चंद्रपुरात 46-47 अंशांचं ऊन सोसलं होतं हे खरं वाटत नाही.

मी कुणाला ‘येऊ नका’ म्हणत नाही. या भागात बाहेरच्या माणसांनी यावं, इथली माणसं कशी जगतात ते बघावं, असं मला मनापासून वाटतं. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीच्या पलीकडे लाहेरीच्या वाटेवर मी शिक्षिका म्हणून राहिले आहे आणि निवृत्तीनंतरही येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय बघते. त्या अनुभवावर एवढंच सांगते, की पावसाळ्यात इकडे येताना परतायची तारीख तुमच्या हातात नसते. ती नदी ठरवते. सगळी तयारी या एका गोष्टीवरून करायची.

आधी इथलं पाणी समजून घ्या. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात. आलापल्लीकडून येताना आधी हेमलकसा लागतं, मग पर्लकोटेवरचा पूल आणि पूल ओलांडला की गाव. तो जुना पूल ठेंगणा. पाऊस लागून राहिला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडसह पलीकडच्या सगळ्या गावांचा संपर्क तुटतो. 2019 च्या पावसाळ्यात तर पाणी पुन्हा पुन्हा गावात शिरलं. बाजारपेठेतली दुकानं गाळ उपसून उघडावीत आणि परत रिकामी करावीत, अशी पाळी व्यापाऱ्यांवर आली. उंच पुलाचं काम हाती घेतलं गेलं. त्या पुलाची इथल्या लोकांनी किती वाट पाहिली ते मला ठाऊक आहे. पण पर्लकोटा हा काही वाटेतला एकच अडसर नाही. अलीकडे पेरमिली, ताडगावच्या टापूत नाले आहेत, पलीकडे लाहेरीनंतर गुंडेनूरचा नाला आहे. एक पूल उंच झाला म्हणजे वाट बारमाही झाली, असं कुणी समजू नये.

बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त फसवतं ते ऊन. इंद्रावती उगम पावते ओडिशातल्या कालाहांडीत. तिथून जगदलपूरवरून, चित्रकोटच्या धबधब्यावरून बस्तर ओलांडून ती आपल्या सीमेवर येते. तिकडे दोन दिवस झोडपून पाऊस झाला आणि भामरागडला टिपूसही नसला, तरी पूर येतो. मोठी नदी फुगली की तिला मिळणाऱ्या लहान नदीचं पाणी पुढे सरकत नाही. ते तुंबतं, मागे दाटतं आणि काठावर चढतं. आभाळ निरभ्र आहे म्हणून ‘जाऊन येऊ, संध्याकाळपर्यंत परत’ असं म्हणणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

अशाच एका जुलै महिन्यात शहरातून तरुण मुलामुलींचा एक गट आमच्याकडे आला होता. चांगली मुलं होती. मुलांना गोष्टी सांगत, गणिताचे खेळ घेत. चौथ्या दिवशी त्यांना परतायचं होतं. त्या सकाळी लख्ख ऊन पडलेलं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा नवरा नदीवरून आला आणि म्हणाला, “बाई, आज नका पाठवू जी यायले. पानी उलटं फिरून राहिलं.”

मी त्याच्याबरोबर काठावर गेले. त्याने पहाटे पाण्याच्या कडेला बांबूची एक काडी रोवून ठेवली होती. ती काडी आता हातभर आत पाण्यात उभी होती. पाण्याचा रंग तांबूस-मातकट झाला होता, वर सुकी पानं आणि काटक्यांचा थर तरंगत होता. ती पानं संगमाकडे वाहत जायला हवी होती, पण ती एका जागी थबकली होती, आणि बघता बघता हळूहळू वरच्या अंगाला सरकू लागली. आवाज काही नव्हता, लाटा नव्हत्या. शहरातून आलेल्या मुलांना त्या पाण्यात भिण्यासारखं काहीच दिसलं नाही. दुपारी चारच्या सुमाराला पूल दिसेनासा झाला. रात्री पाऊस आला, वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचं नेटवर्क गेलं, आणि शाळेच्या आणि भामरागडच्या मधला नालाही भरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने सांगितलं की तिला लहानपणापासून फिट येतात, रोज दोन गोळ्या घ्याव्या लागतात, आणि आता एकच उरली आहे. तिने मोजून चार दिवसांच्या आणल्या होत्या. गटात कुणालाच हे माहीत नव्हतं. फिटचं औषध एकदम बंद झालं तर बरीच वर्षं न आलेली फिटही परत येऊ शकते आणि ती लवकर न थांबणारीही असू शकते. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे ती गोळी नव्हती. ग्रामीण रुग्णालय भामरागडला, म्हणजे नाल्यापलीकडे. शेवटी जवळच्या पोलीस मदत केंद्रातून वायरलेसवर निरोप गेला. तिच्याजवळ डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, औषधाचं रासायनिक नाव तिला सांगता येत नव्हतं, फक्त कंपनीचं नाव आणि गोळीचा रंग ठाऊक होता. रिकाम्या पाकिटावरची बारीक अक्षरं टॉर्चच्या उजेडात वाचून आम्ही ते नाव एकेक अक्षर करून वायरलेसवर सांगितलं. पहाटे तिला एक फिट आली. सिस्टर शेजारीच होती, तिने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली चादर सरकवली, तोंडात काही घालू दिलं नाही. दुपारी पाण्याचा जोर थोडा ओसरल्यावर गावातल्या एका माणसाने डोंगा घातला आणि गोळ्यांची पट्टी आणली. ब्रेडच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून, तो दुपट्टा त्याने डोक्याला बांधलेला. स्वतः तो नखशिखांत भिजला होता. त्या नाल्यात त्या दिवशी डोंगा घालणं म्हणजे काय, हे त्या मुलीला कळलं आणि ती खूप रडली. त्याचंच मला अजून वाईट वाटतं. आजार तिने मागून आणला नव्हता. निघताना नीट विचारणारं कुणी तिला भेटलं नाही, एवढंच.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी औषधांचं विचारते. रक्तदाब, साखर, थायरॉइड, दमा, फिट, जे असेल ते. जितक्या दिवसांसाठी येताय त्याच्या तिप्पट गोळ्या आणा, आणि त्या दोन ठिकाणी ठेवा. अर्ध्या स्वतःच्या पिशवीत, अर्ध्या सोबत्याच्या. एक पिशवी नाल्यात गेली तर दुसरी राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत प्लास्टिकमध्ये घालून आणा आणि औषधाचं मूळ नाव स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज नसेल तर ते गार कसं ठेवायचं हे आपल्या डॉक्टरांना विचारून यावं, कारण इथे पावसाळ्यात वीज जाते ती कधी कधी दिवसच्या दिवस येत नाही. आणि गटातल्या निदान एका माणसाला तुमचा आजार माहीत असू द्या. यात लपवण्यासारखं काही नाही. सातवा महिना लागलेल्या बायकांनी, ज्येष्ठांपैकी हृदयाचा त्रास असलेल्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटेपलीकडे येऊच नये, असं मी स्पष्ट सांगते. इथल्या दुर्गम गावांतल्या गरोदर बायांनासुद्धा दिवस भरत आले की दवाखान्याजवळच्या ‘माहेरघरा’त आधीच आणून ठेवतात. कळा सुरू झाल्यावर नाला भरलेला असेल, हे गृहीत धरूनच ती सोय केलेली आहे.

माझी भाची नॉर्वेमध्ये नोकरीला आहे. ती मागे स्वालबार्डला, थेट आर्क्टिकमध्ये, एका लहान जहाजातून फिरून आली. निघण्याआधी तिला आलेली सूचनांची वही तिने मला वाचून दाखवली तेव्हा मला आमचीच पावसाळ्यातली वाट आठवली. जहाज कुठल्या खाडीत जाईल ते बर्फ आणि वारा ठरवेल, छापलेला कार्यक्रम हा नुसता अंदाज आहे, असं त्यात पहिल्याच पानावर. औषधं जास्तीची आणा, आजार जहाजाच्या डॉक्टरांना आधी कळवा, हवाईमार्गे हलवावं लागलं तर खर्च देईल असा विमा काढा. लाँगइअरबीनमधलं रुग्णालय छोटं, मोठ्या दुखण्याला विमानाने ट्रॉम्सोला न्यावं लागतं. इतकंच काय, बुटांच्या तळव्यांना चिकटून परकं बी तिथल्या जमिनीवर जाऊ नये म्हणून बूट घासून घ्यायला सांगितलेलं. तिथे हे सगळं सांगायला जहाजाची कंपनी असते. इकडे येणाऱ्याला असं कुणी पुढे बसवून सांगत नाही. गाडी ठरली, सुट्टी मिळाली की माणूस निघतो. म्हणून हे लिहायला बसले.

निघण्याच्या आदल्या दिवशी चंद्रपूरचा नाही, जगदलपूरचा पाऊस विचारा. केंद्रीय जल आयोग इंद्रावतीची पातळी मोजतो. गडचिरोलीचं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन पावसाळ्यात बंद पडलेल्या रस्त्यांची यादी काढतं, ती बघा. 1077 हा त्यांचा क्रमांक लिहून ठेवा. रेल्वेने येणाऱ्यांना बल्लारशाह हे सोयीचं स्टेशन. तिथून कोठारी, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली. आष्टीला वैनगंगा ओलांडावी लागते, आणि वैनगंगेचं पाणी वर गोसीखुर्द धरणाच्या 33 दारांतून किती सुटतंय यावर असतं. 2020 च्या ऑगस्टअखेर धरणातून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी-देसाईगंजपासून खाली गडचिरोलीपर्यंत काय हाल झाले ते या भागातला कुणीही सांगेल. सिरोंच्याकडे जाणार असाल तर प्राणहिता आणि गोदावरी या दोघींकडे लक्ष हवं. जुलै 2022 मध्ये तिथली गावंच्या गावं उठवावी लागली होती. परतीचं तिकीट काढताना मध्ये किमान तीन-चार दिवस मोकळे सोडा. ज्याची सोमवारी सकाळी बैठक आहे असा माणूस गटात असला, की शनिवारी तो चालकाच्या मागे लागतो. आणि मग ड्रायव्हर बिचारा पाण्याखालच्या रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या फरशीवरून, गाडी घालतो.

रपट्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण इथे जीव जातात. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर, म्हणजे अर्धा फूट असलं तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो. एक फूट पाणी लहान मोटार उचलतं. दोन फुटांत जीपसारखी गाडीही वाहून जाते. पाण्याखाली रपटा शाबूत आहे की मधूनच खचलाय हे वरून दिसत नाही. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून आपली गाडी जाईल, हा हिशोब चुकीचा आहे. ट्रॅक्टर उंच आणि जड असतो. काठावरची माणसं ‘थांबा’ म्हणाली तर थांबायचं. ती ‘जा’ म्हणाली तरी तुम्हाला नको वाटत असेल तर थांबायचंच. गटात हा निर्णय घेणारा एकच माणूस आधी नेमून ठेवा आणि त्याचा शब्द मोडू नका. पाणी काठाला लागलेलं असताना मतं घेत बसायला वेळ नसतो.

घरच्यांना काय सांगून येता, हेही महत्त्वाचं. ‘रविवारी रात्री पोहोचतो’ असं सांगू नका. ‘रविवार ते गुरुवारमध्ये कधीही, फोन लागला नाही तर पाणी भरलंय असं समजा, गुरुवारनंतरच चौकशी करा’ असं सांगा. त्या जुलैत आमच्याकडे अडकलेल्या मुलांच्या घरून पहिल्याच रात्रीपासून तहसीलमध्ये फोनवर फोन सुरू झाले होते. तिथली माणसं तेव्हा पाणी शिरलेल्या घरांतून लोकांना हलवत होती.

कपड्यांचं फार सांगत नाही. लवकर वाळणारे, अंगभर आणि कमी आणा. गमबूट पाण्यात भरले की पाय जड होतो, त्यापेक्षा मागे पट्टा असलेली चप्पल बरी. दोन टॉर्च, पॉवर बँक, सुट्ट्या नोटांत रोख पैसे, कारण वीज नसली की एटीएम आणि फोनवरचे व्यवहार दोन्ही बंद. ओळखपत्र जवळ ठेवा. तपासणी नाके असतात, तिथे विचारतील ते सरळ सांगा. पोलिसांच्या ठाण्यांचे फोटो काढू नका, ड्रोन आणू नका. काळ बराच बदलला आहे, तरी 28 जुलै ते 3 ऑगस्ट या नक्षलवाद्यांच्या ‘शहीद सप्ताहा’त वाहतुकीची आधी चौकशी करूनच निघावं, असं मी अजूनही म्हणते.

मच्छरदाणीवर मात्र माझा हट्ट असतो. औषध लावलेली, चारी बाजूंनी गादीखाली खोचता येईल एवढी मोठी मच्छरदाणी स्वतःची आणा. हिवतापाचे डास रात्री चावतात, आणि इथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. शिवाय पावसाळ्यात मण्यार कोरड्या जागेच्या शोधात घरात येतो, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा दंश दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा लक्षातही येत नाही. नीट खोचलेली मच्छरदाणी या दोन्हींपासून वाचवते. सकाळी पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, बोलणं अडखळतंय असं कुणी म्हणालं तर अपचन समजून बसू नका, लगेच दवाखाना. तोंडाने विष ओढणं, करकचून बांधणं, मंत्र घालणं यात एक मिनिट घालवू नका.

आणि शिधा. हा भाग सांगताना मला थोडं कठोर व्हावं लागतं. इथली माणसं पावसाळ्याची तयारी उन्हाळ्यातच करतात. मे महिन्यात तेंदूपानांचे पैसे हातात आले की मीठ, तेल, मिरची भरून ठेवतात. मोहफुलं वाळवलेली असतात, सरपण छपराखाली रचलेलं असतं. संपर्क तुटणाऱ्या गावांत पावसाळ्याचं रेशनचं धान्य आधीच पोहोचवावं लागतं. हे सगळं घरातल्या माणसांच्या हिशोबाने केलेलं असतं. तुम्ही आठ जण दोन दिवसांसाठी आलात आणि आठवडाभर अडकलात, तर तुमच्या ताटातला भात कुणाच्या तरी ऑगस्टमधला असतो. ते तुम्हाला कधी बोलून दाखवणार नाहीत. कोवळ्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी करतील, रानातून सात्या (अळंबी) आणून आग्रहाने वाढतील, आणि स्वतः मागून जेवतील. म्हणून दर माणशी आठवड्याचे तांदूळ, डाळ, तेल, मीठ बरोबर आणा आणि आल्याआल्या ज्यांच्याकडे उतरलात त्या घरच्या बाईच्या हातात द्या. अडकला नाहीत तरी परत नेऊ नका. आश्रमशाळेत उतरलात तर मुलांच्या कोठीला हात लावायची वेळ आणू नका. बिस्किटांचे पुडे वाटत फिरण्यापेक्षा हे दहापट मोलाचं आहे.

अडकलातच तर हातपाय गाळून बसू नका आणि नदीवर सारखे जाऊन फोटोही काढू नका. पाणी उकळून प्या. विहिरीत पुराचं पाणी उतरलं असेल तर क्लोरीनची गोळी टाकून. गावातल्या कामाला हात लावा, कारण ते दिवस रोवणीचे असतात. शाळेतली मुलं तुमच्याभोवती असतील. त्यांच्याकडून त्यांच्या माडिया भाषेतले शब्द शिका, त्यांना तुमचे शिकवा. पुराच्या दिवसांत इथे माणूस माणसाला किती धरून राहतो, ते उन्हाळ्यात गाडीतून बघून कळत नाही.

ज्यांची सुट्टी लवचीक नाही, त्यांनी दसऱ्यानंतर यावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाट खुली असते, धान कापणीला आलेलं किंवा खळ्यावर असतं, आणि संगमावर वाळू उघडी पडलेली असते. 

परतल्यावरही एक काम राहतं. फाल्सिपेरमचा ताप डास चावल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांनी येतो, कधी आणखी उशिरा. तोवर तुम्ही पुण्या-मुंबईला पोहोचलेले असता, आणि तिथला डॉक्टर पावसाळ्यातला ताप म्हणून डेंग्यू किंवा फ्लू धरून बसू शकतो. इथे गावातली आशाताईसुद्धा बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पंधरा-वीस मिनिटांत हिवतापाचं सांगते. शहरात ती तपासणी तुम्हालाच मागून घ्यावी लागते. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाकिटात मी एक चिठ्ठी घालते: ‘दक्षिण गडचिरोलीत राहून आलो आहे. ताप आल्यास त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करावी.’ खाली परतीची तारीख. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी परत करायची, आणि तिसऱ्या दिवशीही.